इतवारा, दहा वाजता

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी साडेसात. ठिकाण: बुऱ्हाणपूर, राजपुरा, महाजनांच्या घराची पायरी.

हजर: मंदाताई महाजन, वय त्रेसष्ट, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर. त्यांचे थोरले भाऊ दिगंबरदादा, कापडाचे दुकानदार. सलीमभाई, रिक्षावाले, अडचण आली तर म्हणून. आणि मी, शोभा, मंदाताईंच्याच ऑफिसातली कारकून, नोंद ठेवायला.

साहित्य: पांढरी काठी एक, दुमडणारी काठी राखीव एक. फोन एक, पूर्ण चार्ज. जादा बॅटरी एक. कानापुढच्या हाडावर बसणारा हेडफोन एक. तो कानात जात नाही, म्हणून फोनही ऐकू येतो आणि रस्ताही.

हे असं लिहून ठेवायची सवय माझी. मंदाताई त्यावरून मला यादीबाई म्हणतात. मंदाताईंना दिसत नाही, आणि त्या सकाळी त्यांना राजपुऱ्याहून निघून, तापीवरचा पूल ओलांडून, जैनाबादला त्यांच्या बहिणीच्या घरी एकटीने चालत जायचं होतं. दादा आणि मी वीस पावलं मागून येणार, बोलणार नाही, असं ठरलं होतं. पोहोचल्या तर दादा इंदूरला मुलाकडे राहायला जाताना त्यांना इथे त्यांच्या घरात राहू देणार. नाही पोहोचल्या तर घराला कुलूप आणि मंदाताई इंदूरला, एका बारा मजली इमारतीत. "लिफ्टने खाली आणायची, लिफ्टने वर न्यायची," मंदाताई म्हणाल्या होत्या, "मग मला आणि दुधाच्या पिशवीला फरक काय राहिला?"

मी त्यांना वीस वर्षं ओळखते. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचा टेलिफोन बोर्ड जिन्याखालच्या खोलीत होता. लहानपणी त्यांना फक्त संध्याकाळनंतर दिसत नसे. मग नजर कडेकडेने आत येऊ लागली, नळीतून बघावं तशी झाली, आणि चाळिशीत ती नळीही बुजली. हे त्या दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसं सांगायच्या, आणि लगेच विचारायच्या, आज डब्यात काय आणलं.

ऑफिसचा पत्ता विचारायला फोन येत. मंदाताई रस्ता सांगायच्या तो असा: स्टेशनहून सरळ या, भजी तळल्याचा वास येईल तिथे थांबू नका, पुढे लोखंड ठोकल्याचा आवाज डाव्या कानाला येईल, तो मागे पडला की उजवीकडे. लोक चक्रावत, पण पोहोचत. एका साहेबांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, बाई, नीट खुणा सांगत जा, ते मोठं कडुलिंबाचं झाड सांगा. मंदाताई शांतपणे म्हणाल्या की साहेब, ते झाड रस्ता रुंद केला तेव्हा कापलं, दोन वर्षं झाली. साहेब रोज त्याच रस्त्याने जीपमधून यायचे.

नंतर प्रत्येक टेबलावर फोन आले, प्रत्येक खिशात मोबाइल आले, आणि बोर्ड निघाला. मंदाताईंना आवक विभागात एक खुर्ची दिली, काम दिलं नाही. त्या काळातच इंदूरच्या एका शिबिरातून त्या एक यंत्र घेऊन आल्या. साबणाच्या वडीएवढं, गळ्यात दोरीने अडकवायचं, वर बोटाला लागतील अशी जाड बटणं. दाबलं की बोलायचं. किती मीटरवर वळायचं, कोणता रस्ता आला, किती राहिलं. आवक विभागातल्या सगळ्यांनी ते हाताळून पाहिलं. मला सर्वांत जास्त कुतूहल होतं की त्याला कळतं कसं.

मंदाताईंनी मला समजावलं. वर उपग्रह फिरतात, त्यातले निदान चार तरी यंत्राला सापडावे लागतात, तेव्हा ते सांगतं की तू इथे आहेस. "आपल्या गल्ल्यांत आकाश पट्टीएवढं. चार कुठून येतील? दोन येतात, बाकीचे गच्चीवर अडकतात." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी डायरीत लिहून ठेवली आहे. उभं राहिलं की यंत्राला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. दिशा हवी असेल तर चार पावलं चालावंच लागतं, चुकीच्या बाजूला का होईना.

यंत्रातल्या आवाजाचं त्यांनी नाव ठेवलं होतं मॅडम. आमच्याकडे पूर्वी एक मॅडम होत्या, त्या खुर्चीतून न उठता जिल्हाभरच्या लोकांना इकडे जा, तिकडे जा असे आदेश काढत. हा आवाज तसाच, मंदाताई म्हणायच्या. पुढे फोन आला आणि मॅडम फोनमध्ये राहायला गेल्या. भाषा निवडता येऊ लागली. मंदाताईंनी सगळ्या लावून पाहिल्या. "मराठी लावली तर पुण्याची वाटते, हिंदी लावली तर दिल्लीची. आपल्या बुऱ्हाणपूरची एक पण नाही. शिकारपुरा म्हणता येत नाही तिला, आणि मला रस्ता सांगून राहिली."

गळ्यातलं यंत्र होतं तेव्हाची, पहिल्या आठवड्यातली गोष्ट. त्या यंत्र घेऊन एकट्या बँकेत गेल्या. मॅडम म्हणाल्या, आपण पोहोचलात. मंदाताईंनी हात पुढे केला तर भिंत. भिंतीवर दार नाही, पायरी नाही. त्यांनी दहा मिनिटं भिंत चाचपली. एका बाईने विचारलं, क्या ढूँढ रही हो, तर म्हणाल्या बँक. ती म्हणाली, बँक ही है, लेकिन पिछवाड़ा है. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी हे स्वतःच सांगितलं. यंत्र दहा-पंधरा मीटर इकडे तिकडे होतं, त्यात त्याचा दोष नाही, असं त्यांचं मत. "ती मला घरापर्यंत आणते. दार शोधणं माझं काम."

मग त्यांनी स्वतःचे बिंदू टाकायला सुरुवात केली. फोनमध्ये एक सोय आहे: जिथे उभे आहात ती जागा पक्की करायची आणि तिला आपल्या आवाजात नाव द्यायचं. पुन्हा तिथून जाताना तोच आवाज ऐकू येतो. मंदाताईंच्या फोनमध्ये त्यांचं स्वतःचं बुऱ्हाणपूर तयार झालं. मी ती नावं एकदा बसून ऐकली. माव्याची जिलेबी, इथून नाला सात पावलं. उंच पायरीचा दवाखाना. जिथे म्हशी बसतात. ज्या घरात कायम भांडण. फाटक उघडं ठेवणारे लोक. गोड बोलणारा शिंपी. शेवटच्या नावाबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, ते तू यादीत लिहू नको.

निवृत्तीनंतर दर शुक्रवारी त्या बिंदू तपासायला बाहेर पडत. कोणाची टपरी हलली, कोणी रस्त्यावर वाळू टाकली, कुठे नवा ओटा बांधला. मी म्हणाले, एवढं दर आठवड्याला कशाला. त्या म्हणाल्या की तुम्ही डोळेवाले वर्षानुवर्षं तोच पत्ता सांगता, पिठाच्या गिरणीशेजारी म्हणून, आणि गिरणी कधीच बंद झालेली असते. मला तो चैनीचा प्रकार परवडत नाही.

आता मूळ गोष्ट. हा फोन दिशा घड्याळावर सांगतो. समोर बारा, उजव्या हाताला तीन, मागे सहा, डाव्या हाताला नऊ. म्हणजे 'दोन वाजता, तीस मीटर' म्हटलं की वस्तू समोर थोडी उजवीकडे आहे आणि तीस मीटरवर. मंदाताईंच्या बोलण्यातही हे शिरलं. ताटात भाजी कुठे आहे हे वहिनी, दादांच्या पत्नी, त्यांना तसंच सांगू लागल्या: वरण बारा वाजता, लोणचं चार वाजता. एकदा सलीमभाईंना त्या म्हणाल्या, दस बजे मोड़ लो, तर सलीमभाईंनी रिक्षा बाजूला लावली आणि म्हणाले, अभी तो साढ़े नौ हुए हैं, बाई.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

नोव्हेंबरातला एक शुक्रवार. दुपारी ऑफिसात आम्ही ऑडिटच्या फाइली लावत होतो. मंदाताईंचा आवाजी संदेश आला. मागे हातगाड्या, हॉर्न, कोणीतरी कांदे ओरडत होतं. मी फोन कानाला लावून एका हाताने डायरी उघडली. ऐकू आलं ते एवढं: "शोभा, इतवारा. दहा वाजता, चाळीस मीटर. ये."

इतवारा हा आमच्याकडे गावाच्या जुन्या तटाचा दरवाजा आहे, त्याभोवतीची वस्ती आहे. आणि इतवार म्हणजे रविवार, तोही आम्ही तसाच बोलतो. मी डायरीत लिहिलं: रविवार, १० वा., मंदाताईंकडे. चाळीस मीटर म्हणजे काय ते कळलं नाही. वाटलं, काहीतरी कापड असेल, दादांच्या दुकानातून घ्यायचं असेल. खाली रेघ मारली, त्यांना 'नक्की येते' असं पाठवलं आणि फाइली लावत बसले.

झालं असं होतं की इतवाऱ्यात एका मालवाहू रिक्षाच्या चाकाखाली त्यांची काठी गेली आणि मोडली. गर्दीत धक्के बसून त्यांची दिशा सुटली. फोनची बॅटरी संपत आली होती. त्यांनी शेवटचं एवढंच विचारलं की दरवाजा कुठे आहे, आणि फोनने सांगितलेलं मला जसंच्या तसं कळवलं: इतवारा दरवाजा, माझ्या दहा वाजता, चाळीस मीटर. तू ये. माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. फोन बंद पडला. माझं 'नक्की येते' त्यांना मिळालं ते रात्री, फोन चार्ज झाल्यावर, आणि येईल तेव्हाच तिला विचारू, असं त्या दादांना म्हणाल्या.

त्या एका बंद शटरला पाठ लावून उभ्या राहिल्या. येणारेजाणारे विचारत, कहाँ जाना है, छोड़ दें. त्या म्हणत, नाही, माझी मैत्रीण येते आहे. दोन तास त्यांनी असं सांगितलं. शेवटी दादाच कोणाकडे तरी वसुलीला निघाले होते, त्यांना दिसल्या. उन्हाने चेहरा लाल, हातात मोडलेली काठी, आणि दादांचा आवाज ऐकून पहिलं वाक्य हे की शोभाला काही झालं तर नाही ना, ती कधी उशीर करत नाही.

मी रविवारी बरोबर दहा वाजता त्यांच्या दारात हजर झाले. दादांनी दार उघडलं. मी म्हणाले, ताईंनी बोलावलंय दहा वाजता. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. आतून मंदाताईंनी सांगितलं की यादीत काय लिहिलंस ते वाच. मी वाचलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला रडू येत होतं. त्या म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं. दरवाज्यांना वारांची नावं ठेवणाऱ्या गावाची आहे. बुधवाऱ्यात हरवले असते तर तू बुधवारी आली असतीस."

दादा हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं की पुरे झालं. ते आणि वहिनी मुलाकडे जाणार हे आधीच ठरत आलं होतं, मंदाताईंनी मागे राहायचं की नाही एवढाच प्रश्न होता, आणि तो आता संपला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी बहिणीला दोन तास शटरला टेकून उभी पाहिली होती. मंदाताई म्हणाल्या, दादा, तू परीक्षा घे. दादा म्हणाले, परीक्षा कसली घ्यायची आता. त्या म्हणाल्या, "तू सांग कुठे जायचं. मी जाते. नाही पोहोचले तर तू म्हणशील तिथे येते, तोंड उघडणार नाही."

दादांनी तीन जागा सांगितल्या. बँक, दवाखाना, आणि जैनाबादला बहिणीचं, म्हणजे अक्कांचं घर. प्रत्येक ठिकाणी एकटीने जायचं, कोणाचाही हात न धरता. मी ते लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं. दादांनी सही केली, मंदाताईंनी अंगठ्याऐवजी सहीच केली, ओळ सापडावी म्हणून मी पट्टी धरली होती. बँक पहिल्या आठवड्यात झाली, पुढच्या दाराने. दवाखाना दुसऱ्या आठवड्यात. राहिलं जैनाबाद.

तर १४ डिसेंबर. मंदाताई निघाल्या. काठीचं टोक डावीकडे, उजवीकडे, पावलाच्या तालात. मान किंचित वाकडी, जुन्या बोर्डावर दोन लाइनी एकदम ऐकताना असायची तशी. राजपुऱ्यातल्या गल्ल्यांत मॅडम गप्प होत्या, म्हणजे मंदाताई स्वतःच्या पाठांतरावर चालत होत्या. जिथे म्हशी बसतात तिथे आज म्हशी नव्हत्या. त्या थांबल्या, काठीने खाली तपासलं, शेण सापडलं, पुढे गेल्या. दादांनी तेवढ्या वेळात दोनदा घसा साफ केला. मी बोट ओठांवर ठेवलं.

पुलावर आकाश मोकळं झालं आणि त्यांची चाल वाढली. वीस पावलांचं अंतर राखताना दादांना धाप लागली. कठड्याशी काठी घासत त्या अशा निघाल्या की एका सायकलवाल्याने घंटी वाजवून वाट मागितली आणि त्यांनी त्याला सांगितलं की उजवीकडे रस्ता पडलाय तेवढा.

पूल उतरून अक्कांच्या गल्लीकडे वळायचं, तिथे पायवाटेवर पाइपसाठी चर खोदलेला होता. दोन हात रुंद, कमरेएवढा खोल. आदल्या शुक्रवारी नव्हता. फोनला त्याचं काहीच माहीत नव्हतं, तो सरळ जा म्हणत होता. मंदाताईंच्या काठीचं टोक पुढे गेलं आणि खाली काही लागलं नाही. त्या जागीच थांबल्या. मग दोन पावलं मागे आल्या. पुन्हा काठी पुढे, पुन्हा काही नाही. डावीकडे चाचपलं, मातीचा ढीग. दादांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते किती जोरात धरलंय हे त्यांना कळत नव्हतं.

शेजारी केळ्यांची गाडी होती. गाडीवाला उठला आणि म्हणाला, "बहनजी, हाथ दीजिए, पार करा देता हूँ."

मंदाताईंनी दोन्ही हात काठीसकट पाठीमागे नेले. "हाथ नहीं, भैया. रास्ता बता दो."

तो गोंधळला. मग म्हणाला की डाव्या हाताला ढिगाच्या पलीकडे लोखंडी पत्रा टाकला आहे, लोक त्यावरून जातात. किती पावलं, त्यांनी विचारलं. त्याने पावलं कधी मोजली नसावीत. तो स्वतः चालत गेला, मोजत आला, आणि सांगितलं, अठरा. त्या ढिगाला वळसा घालून मोजत गेल्या, काठी पत्र्यावर वाजली. पत्र्याची रुंदी दोन्ही बाजूंनी तपासली आणि पलीकडे गेल्या.

दादांनी माझं मनगट सोडलं आणि हळू आवाजात म्हणाले, "विचारलं तिने. मदत घेतली."

मी डायरी उघडून पान त्यांच्यापुढे धरलं. "कोणाचाही हात न धरता, असं लिहिलंय दादा. तोंडाचं काही लिहिलेलं नाही."

त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं. खाली त्यांची सही होती. मग ते पत्र्यावरून पलीकडे गेले, मधेच त्यांचा तोल गेला आणि केळीवाल्याने त्यांना हात दिला.

अक्कांच्या घराआधी तीन घरं असताना फोनने पोहोचलात म्हणून सांगून टाकलं. मंदाताईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वांगी भाजल्याचा वास येत होता, त्या वासावर फाटकापर्यंत गेल्या आणि कडी वाजवली. अक्का बाहेर आल्या, बहिणीला पाहिलं, तिच्या मागे रस्त्यावर पाहिलं, आणि विचारलं, "एकटी आली का गं मंदे?" मंदाताई म्हणाल्या, "हो. मागे दोन माणसं आहेत, पण ती माझ्याबरोबर नाहीत."

भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली. परत निघायच्या वेळी मंदाताईंनी रिक्षा नाकारली. चराजवळ बिंदू टाकायचा होता, पत्र्याची पावलं दुसऱ्या बाजूनेही मोजायची होती. तुम्ही या सावकाश, म्हणाल्या, आणि फाटक लावून गेल्या.

आम्ही सलीमभाईंच्या रिक्षातून अर्ध्या तासाने निघालो. पुलाच्या मध्यावर त्या दिसल्या. सलीमभाई हॉर्न देणार होते, दादांनी त्यांच्या खांद्याला हात लावून थांबवलं. त्या कठड्याशी उभ्या होत्या, नदीकडे तोंड करून, फोन ओठांजवळ धरून काहीतरी बोलत होत्या. बिंदूला नाव देत होत्या. पुलाच्या मधोमध कसला बिंदू, तिथे ना दार ना नाला, हे मला अजून विचारायचं आहे. आमची रिक्षा त्यांच्या मागून गेली तेव्हा त्यांनी बोलणं थांबवलं, मान वाकडी केली, आणि रिक्षा पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या.

पूल संपल्यावर दादा म्हणाले, "शोभाताई, आमच्या घराला एकच किल्ली आहे. कायम कोणी ना कोणी घरात असायचं, दुसरी लागलीच नाही. तिच्यासाठी एक करून आणा."

मी लगेच लिहून घेतलं. मूळ किल्ली द्या, मी म्हणाले, उद्याच करायला टाकते. उद्या देतो, ते म्हणाले.

आज अकरा दिवस झाले. त्यांचं सामान बांधायला सुरुवात झाली आहे. किल्ली मी तीनदा मागितली. एकदा ती दुसऱ्या शर्टात होती, एकदा वहिनींकडे. तिसऱ्यांदा त्यांनी खिशातून काढून माझ्यासमोर धरली, बोटांत दोनदा फिरवली, आणि पुन्हा खिशात ठेवून म्हणाले की किल्लीवाला बरा पाहून ठेवा, घाई नको. शनवाऱ्याजवळचा किल्लीवाला मी पाहून ठेवला आहे. सकाळी अकरापासून सातपर्यंत बसतो, दहा मिनिटांत किल्ली करून देतो.